घरीं केलेलें विद्युज्जनित्र

तारेचें वेटोळें आणि लोहचुंबक यांपैकीं एक दुसऱ्याजवळ हलत राहिलें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हें १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं दाखविलें. आमचें लहानसें जनित्र याच तत्त्वावर चालतें. त्यासाठीं वेटोळीं गुंडाळण्याची खटपट नको. भंगारांतून आणलेली, आंत कायमचे लोहचुंबक असलेली मोटार पुरते. वीज दिली तर ती फिरते आणि फिरविली तर वीज देते. आमच्या मोटारीवर '२४ व्होल्ट, मिनिटास ३००० फेरे' असें लिहिलेलें होतें.

१२ व्होल्टांची शिशाची बॅटरी भरण्यास १४ व्होल्टांहून कांहींसा अधिक दाब लागतो. म्हणजे ही मोटार मिनिटास सुमारें १९०० फेरे फिरली पाहिजे. पायांच्या बळावर हें कसें साधावें, अशी शंका वाचकांस येईल. सायकल घोडीवर चढवून मागच्या चाकाचा टायर काढावा. पायडल मिनिटास ७० वेळां फिरविलें, तर ४४ व १८ दातांच्या चक्रांमुळें मागचें चाक सुमारें १७० फेरे घेतें. त्याच्या २४ इंची धावेवरून मोटारीच्या २ इंची कप्पीवर पट्टा घेतला कीं फेरे बारापट होतात, आणि दोन हजारांचा पल्ला गांठतां येतो.

येथवर सर्व यथास्थित झालें. पण बॅटरी जोडतांच, पायडलास कोणाचा पाय लागला नसतां, चाक आपोआप गरगर फिरूं लागलें! मुलांनीं टाळ्या पिटल्या. मलाही क्षणभर हर्ष झाला, हें कबूल करितों. अर्ध्या तासानें दिवा लावून पाहिला, तों अगदीं मंद. भरावयाची बॅटरी मोटार फिरवून स्वतःच रिती होत होती.

मग धन तारेंत डायोड बसविला. पंपाच्या झडपेप्रमाणें तो प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतो. त्यापायीं सुमारें ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, तेवढी दस्तुरी देणें भाग आहे. बॅटरीलगत फ्यूजही हवा. व्होल्टमापकाचा कांटा १४.४ च्या पलीकडे जाऊं देऊं नये. अति भरल्यानें आंतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि त्यास एक ठिणगी पुरते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या.

आमची बॅटरी ७ अँपिअर-तासांची. २ अँपिअरांनीं ती भरण्यास चार तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून आम्ही पाळीपाळीनें बसतों. बॅटरी सुटी असतां पायडल हलकें फिरतें, आणि जोडतांच जड होतें. तो जडपणा म्हणजेच बॅटरींत जाणारी वीज. त्या श्रमावर ५ वॅटचा एलईडी दिवा आठ तास जळतो.