डोंगरीची ‘डंगरी’

इंग्रजीने हिंदुस्थानातून उचललेल्या वस्त्रवाचक शब्दांत ‘पायजमा’ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ‘डंगरीज’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीचा, हे किती जणांस ठाऊक असेल? डोंगरावरून डोंगरी ही वस्ती, आणि वस्तीवरून जाड्याभरड्या सुती कापडास ते नाव पडले, असे कोशकार मानतात. सतराव्या शतकातच व्यापाराच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत शिरला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने मात्र त्याची नोंद हलक्या प्रतीचे कापड अशीच केली.

पुढे कापडाचे नाव त्याच्या पेहरावास लागले. खलाशी आणि कामगार यांचा तो वेष झाला. ब्रिटनमध्ये डंगरीज म्हणजे छातीवर कापडी पट्टी व खांद्यांवर बंद असलेली विजार. अमेरिकेत निळ्या डेनिमच्या साध्या विजारीसही तेच नाव मिळाले. ‘डेनिम’मागे फ्रान्सचे नीम आणि ‘जीन्स’मागे इटलीचे जेनोवा ही शहरे आहेत, हे कौतुकाने सांगितले जाते. डोंगरीची आठवण मात्र क्वचितच निघते.

ज्यास एकेकाळी हलके म्हटले, तेच आज फॅशन म्हणून चढ्या भावाने विकले जाते. ते कापड प्रथम विणणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. शब्दाने निदान वस्तीचे नाव राखले. शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे पोकळ अभिमान मिरवणे नव्हे. विस्मृतीत गेलेल्या श्रमांचे ऋण मान्य करणे होय.