पहिलारू कालवडीसाठी वळू निवडताना

कालवड गाभण राहिली की घरात आनंद असतो. पण तीच विताना अडली, तर गाय आणि वासरू दोन्ही हातची जातात. हे मी ऐकीव सांगत नाही.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे गाव आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी या डोंगरपट्ट्यात कृत्रिम रेतन करीत असे. एका आजोबांनी माजावर आलेली गावठी कालवड आणली. "डॉक्टर, दूध वाढंल असं काही तरी भरा," म्हणाले. मी होल्स्टीनची कांडी भरली. महिना ऑक्टोबरचा होता. पुढचा हिशेब त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. जुलैत, भर पावसात कालवड अडली. रस्ता बंद होता. निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत वासरू मेले होते. दुसऱ्या दिवशी कालवडही गेली. "तुम्ही तरी काय करणार?" आजोबा म्हणाले. पण कांडी मीच निवडली होती.

चूक कुठे झाली? गावठी गाईचे वासरू जन्मतः साधारण 18 ते 20 किलोंचे असते. जर्सीचे 25 किलोंच्या आसपास, तर होल्स्टीनचे 35 ते 40 किलोंचे असते. संकरित वासरू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. पहिल्या वेताच्या कालवडीच्या कमरेची हाडे पुरती रुंदावलेली नसतात. कणगी मोठी आणि दार लहान, अशी ही गत.

म्हणून पहिल्या वेताला वळू निवडताना दुधाआधी वासराचे वजन पाहावे. लहान चणीच्या गावठी कालवडीला डांगीसारख्या देशी वळूची रेतमात्रा बरी. डांगी पावसालाही टिकते. संकर हवाच असेल तर जर्सी घ्यावी, आणि होल्स्टीनचा विचार कालवड एक-दोन वेळा सुखरूप व्याल्यावर करावा. एकाच जातीच्या दोन वळूंतही फरक असतो. परदेशात वळूच्या यादीत त्याच्यापासून किती कालवडी अडल्या याचा आकडा छापतात. आपण निदान कांडीवरचा वळू क्रमांक लिहून ठेवावा आणि गावात त्याची वासरे कशी झाली, हे विचारावे. लिंगनिर्धारित रेतमात्रेतून सुमारे 90 टक्के कालवडीच होतात, आणि मादी वासरू नरापेक्षा थोडे हलके असते, हाही एक फायदाच.

वासरू लहान म्हणजे पुढे दूध कमी, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. दूध आनुवंशिकतेवर आणि संगोपनावर ठरते, जन्माच्या वजनावर नाही.

वळू चांगला निवडला तरी कालवड तयार हवी. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या 60 ते 65 टक्के वजन झाल्याशिवाय तिला भरवू नये. रानात चरताना लहान कालवडी मोकाट गोऱ्ह्यांकडून गाभण राहतात, म्हणून नको असलेले गोऱ्हे वेळीच खच्ची करावेत. वासरू लहान राहावे म्हणून शेवटच्या महिन्यांत कालवडीला उपाशी ठेवू नये, कारण कळा द्यायला अंगात जोर लागतो. फार लठ्ठही होऊ देऊ नये, चरबीने वाट अरुंद होते.

आता दिवसांचा हिशेब. गाय सुमारे 280 दिवसांनी, म्हणजे नऊ महिने नऊ दिवसांनी विते. ऑक्टोबरात भरवलेली कालवड जुलैत वितेल. जानेवारीच्या मध्यास भरवली तर दसरा-दिवाळीच्या सुमारास. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि डोंगरावर हिरवा चाराही असतो.

आणि शेवटचे. पाण्याची पिशवी फुटल्यावर तास-दोन तासांत वासराचे पाय-तोंड पुढे सरकले नाही, तर लगेच डॉक्टरांना बोलवा. चार माणसांनी दोर लावून ओढू नका.

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बायफ स्थापन केली, तेव्हापासून संकराची गाय खेडोपाडी पोहोचली आणि अनेक घरांत दूध वाढले. संकर वाईट नाही. मात्र कांडी भरण्याआधी कालवडीच्या कमरेकडे आणि दिनदर्शिकेकडे एकदा पाहावे. त्या जुलैनंतर मी दोन्ही पाहिल्याशिवाय कांडी भरली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)