घरे मोडणाऱ्यांचे घर

१९७८ साल. कंबोडियातील एका गावात सामूहिक भोजनशाळेच्या भिंतीवर देशाच्या सर्वोच्च नेत्याचे चित्र लावले गेले. राजधानीतून हाकलल्या गेलेल्या लोथ सुओंग यांच्या कुटुंबाला तो चेहरा ओळखीचा वाटला. ज्याच्या राजवटीत आपण अर्धपोटी राबतो आहोत, तो ‘पोल पॉट’ म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सालोथ सार होता!

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नॉम पेन्ह जिंकली आणि काही दिवसांतच सारे शहर रिकामे करविले. पैसा, बाजार, शाळा, पूजापाठ सारे बंद झाले. पावणेचार वर्षांत उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि हत्या यांनी सुमारे १७ लाख माणसे मेली. हे घडविणारे होते तरी कोण?

राजवाड्याच्या सावलीत

म्हैसूरच्या वाडियार दरबारात जसा गायक-नर्तकांना राजाश्रय होता, तसाच नॉम पेन्हच्या राजवाड्यातही होता. सालोथ सारची एक चुलतबहीण तेथे नर्तकी होती, भाऊ सुओंग राजवाड्यात नोकरीला, तर भावजय चेआ सामी दरबारी नृत्यात निपुण. खेड्यातून आलेला सार या दादा-वहिनींच्याच घरी वाढला. १९४९ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. अभ्यासात नापास झाला, पण कम्युनिस्ट होऊन परतला.

दोन बहिणी, दोन जावई

पॅरिसच्या त्या मित्रमंडळात एका न्यायाधीशाच्या दोन मुली होत्या. थोरली खियू पोनारी पुढे शिक्षिका झाली. धाकटी थिरिथ इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. थिरिथने इएंग सारीशी लग्न केले. १९५६ मध्ये पोनारीने वयाने लहान असलेल्या सारशी लग्न केले. असे हे दोघे साडू झाले.

सत्ता येताच पोल पॉट पंतप्रधान, इएंग सारी परराष्ट्र व्यवहार पाहणारा उपपंतप्रधान, थिरिथ समाजकल्याण मंत्री. संरक्षण सोन सेनकडे, तर त्याची पत्नी युन यातही मंत्री! देशाचा कारभार जणू चार घरांत वाटला गेला होता.

आणि याच मंडळींनी इतरांची घरे मोडली. मुलांना आईवडिलांपासून तोडले, जेवण सामूहिक केले, अनोळखी तरुण-तरुणींची जबरदस्तीने लग्ने लावली. आईबाप म्हणजे ‘अंगकार’, अर्थात संघटना, असे मुलांच्या मनावर बिंबवले गेले. नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग येथील एका शाळेचे तुरुंगात रूपांतर झाले. तेथे १२ हजारांहून अधिक माणसांचा बळी गेला. संशयितासोबत त्याची बायकामुलेही मारली जात.

सुटका कुणाचीच नाही

पोल पॉटचे स्वतःचे घर तरी सुटले का? पत्रकार भाऊ सालोथ छाय राजधानी रिकामी करतानाच्या धुमश्चक्रीत मरण पावला. पोनारीचे मानसिक संतुलन ढळले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने राजवट उलथली, पण पोल पॉट सीमेवरच्या जंगलातून लढत राहिला. तेथे त्याने दुसरे लग्न केले, त्याला मुलगी झाली. जून १९९७ मध्ये त्याच्याच हुकुमावरून जुना सहकारी सोन सेन, युन यात आणि त्यांचे कुटुंबीय मारले गेले. मग त्याच्याच लोकांनी त्याला कैद केले. १५ एप्रिल १९९८ रोजी तो मेला. न्यायालयात उभे राहण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाही.

इएंग सारी खटला सुरू असताना २०१३ मध्ये वारला. थिरिथला स्मृतिभ्रंशामुळे सोडून देण्यात आले; ती २०१५ मध्ये गेली. सक्तीची लग्ने हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला, पण तो निकाल यायला २०१८ साल उजाडले.

चेआ सामी मात्र वाचल्या. त्या राजवटीत दरबारी नृत्याचे बहुतेक जाणकार मेले होते. १९७९ नंतर त्या नॉम पेन्हला परतल्या आणि नव्या मुलींना हस्तमुद्रा शिकवू लागल्या. ज्या दिराला त्यांनी घरी वाढविले, त्याने मोडलेले जे जे सावरता आले, ते त्यांनी सावरले.