मनाची गोळी आणि तोंडाचा चाळा

ओसरीवर बसलेल्या एखाद्या आजींकडे पाहा. तोंडात काही नसताना त्या सारख्या चघळत असतात, जीभ आतबाहेर होते, ओठ मुडपतात. घरची मंडळी म्हणतात, दात गेले, वय झाले. पुष्कळदा तसे असतेही. पण झोप येत नाही, कशात जीव रमत नाही म्हणून आजींना महिनोन्‌महिने एखादी गोळी चालू आहे का, हे आधी पाहावे.

उदासी हा आजार आहे आणि त्याच्या गोळ्यांनी माणसे पुन्हा कामाला लागतात, याबद्दल शंका नको. काहींचे या गोळ्यांनी हात थरथरतात, काहींना एका जागी बसवत नाही. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की बहुधा हे थांबते.

जपायचे ते फ्लुपेन्टिक्सॉल आणि मेलिट्रासेन या जोडगोळीला. मेलिट्रासेन उदासीवरचे, तर फ्लुपेन्टिक्सॉल मुळात भ्रमाच्या आजारावरचे औषध. आपल्या हालचाली ताब्यात ठेवायला मेंदूला डोपामिन हे द्रव्य लागते. फ्लुपेन्टिक्सॉल त्याचीच वाट अडवते. फार दिवस अडवली, तर तोंड, जीभ, कधी हातपायही आपोआप हलू लागतात. डॉक्टर याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना हा धोका जास्त. गोळी थांबवली तरी काहींचा चाळा कायमचा राहतो.

ही गोळी डेन्मार्कच्या कंपनीची, पण खुद्द डेन्मार्कमध्ये तिला परवानगी नाही! 2012 साली आपल्या संसदेच्या समितीने यावर बोट ठेवले. 2013 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने विक्री थांबवली, मग प्रकरण कोर्टात गेले. तेव्हा चिठ्ठीवाचून मेडिकलमधून मनाची गोळी आणणे आधी बंद करा.

चाळा दिसला म्हणून गोळी मात्र एकाएकी तोडू नका. त्याने चाळा उलट वाढू शकतो. सोलापूर भागातल्यांना कुंभारीचे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे, सोलापुरात सरकारी रुग्णालयही आहे. मन फार खचले असेल तर 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घाला, उलटीच्या गोळ्यांचीसुद्धा. मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्या औषधानेही असाच चाळा लागतो. आणि मुलाच्या मोबाईलवर आजींच्या तोंडाचे चित्रण करून न्या. डॉक्टरांपुढे कधीकधी नेमके तोंड शांत बसते.