योजनेत बसतं का?

ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि संध्याकाळी नातेपुत्याला विसावते. त्या रात्री गावात गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच कितीतरी जास्त असतात. समजा, त्या गर्दीत हिंगोलीकडची एक पासष्टीची माउली चिखलात पाय घसरून पडली. उठता येईना. एक्स-रे काढला तर खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलेलं. आत रॉड घालून बसवावं लागणार. दिंडीतली माणसं तिला जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेतात, आणि काउंटरवर पोचताच पहिला प्रश्न विचारतात, "योजनेत बसतं का?"

या प्रश्नाचं 'हो' असं उत्तर यायला काय काय घडावं लागतं, हे पाहू लागलं की मी थक्क होतो. ऑपरेशनचे पैसे जो देणार, तो शेकडो किलोमीटरवर एका कार्यालयात बसलेला आहे. त्याने या बाईला पाहिलेलं नाही आणि कधी पाहणारही नाही. दवाखान्यालाही ती अनोळखी, कारण घर हिंगोलीकडे आणि उपचार सोलापूर जिल्ह्यात. तरीही हे तीन परके एकमेकांवर विश्वास ठेवतात, हाड बसतं, बाई घरी जाते. हा विश्वास काउंटरवरच्या एका फाईलमधून जातो, आणि ती फाईल नीट तयार करणं ही शिकण्याजोगी विद्या आहे.

सोलापूर जिल्ह्याला ही फाईल लवकर भेटली. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड व मुंबईचे दोन जिल्हे यांच्याबरोबर त्यांत सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, आणि त्यासाठी सरकारने विमा कंपनीला भरायचा हप्ता कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये. दीड लाखाला ३३३ ने भागून पाहा. साडेचारशे कुटुंबांचा हप्ता गोळा केला की एका कुटुंबाचं पूर्ण संरक्षण निघतं. बाकी साडेचारशे घरांत त्या वर्षी कुणाला ऑपरेशन लागणार नाही, किंवा थोडक्यांनाच लागेल, हा अंदाज. कुणाला लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण साधारण किती जणांना लागेल हे मात्र सांगता येतं. आणि कुटुंबांची संख्या जितकी मोठी तितका अंदाज पक्का. स्विस गणिती याकोब बर्नुली याची याच विषयावरची सिद्धता १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डामागे असं तीनशे वर्षांपूर्वीचं गणित उभं आहे.

पुढे २०१३ च्या नोव्हेंबरात योजना राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवालेही आले आणि मर्यादा पाच लाख झाली.

आता फाईलकडे वळू. तिच्यातला प्रत्येक कागद म्हणजे दूरच्या त्या परक्याच्या मनातल्या एकेका शंकेचं उत्तर. रेशनकार्ड आणि आधार सांगतात, ही बाई कोण. ऑपरेशनआधीचा एक्स-रे सांगतो की हाड खरंच मोडलंय. पण त्या फिल्मवर नाव, तारीख आणि उजवी-डावी बाजू दिसली तरच. हे सगळं ऑनलाइन चढवून आधी मंजुरी घ्यायची, तिला काउंटरवर सगळे 'प्रीऑथ' म्हणतात. ऑपरेशन होतं. रॉडच्या खोक्यावर एक छोटा स्टिकर असतो. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर. तो सोलून कागदावर चिकटवायचा. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत तोच रॉड पांढराशुभ्र दिसायला हवा. मग सर्जनची ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाची नोट, शेवटी डिस्चार्ज कार्ड.

आणि या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. केस पेपरवर 'उजवा' आणि ऑपरेशन नोटमध्ये घाईत 'डावा' पडलं की शंका विचारणारी 'क्वेरी' आलीच. बाई बरी होऊन चालू लागली तरी पैसे अडतात, कारण दूर बसलेल्याला फक्त कागद दिसतात आणि कागदांनुसार दोन वेगळे पाय आहेत. म्हणून मला चांगला बिलिंगवाला टंकलेखकापेक्षा तपासनीसाच्या जवळचा वाटतो. क्वेरी येण्याआधीच ती त्याला ऐकू यायला हवी.

योजनेत बिल मोजून होत नाही, हेही नव्याने शिकणाऱ्याला चकित करतं. इथे पॅकेज असतं. २०२३ च्या शासन निर्णयात १,३५६ उपचार होते, आणि प्रत्येकाचा दर आधीच ठरलेला. खाट, तपासण्या, सर्जन, भूल, औषधं, जेवण, घरी गेल्यावरची दहा दिवसांतली तपासणी, सगळं त्यातच. इतकंच काय, दवाखान्यातून घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा! हिंगोलीच्या त्या माउलीला हे भाडं मिळायला हवं, हे काउंटरवरच्या माणसाला माहीत असणं फार मोलाचं आहे.

मग येतो आकडा. जगभरच्या दवाखान्यांत आजाराला एक संकेतांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत आपल्या माउलीचं दुखणं 'एस ७२.१' इथे बसतं. 'एस' म्हणजे इजा, ७२ म्हणजे मांडीचं हाड, टिंबानंतरचा १ म्हणजे खुब्याजवळचा भाग. ती पडली कशी, यालाही वेगळा अंक: घसरून, ठेचाळून पडणं म्हणजे 'डब्ल्यू ०१'. झाडावरून पडली असती तर 'डब्ल्यू १४'. विंचवाचं विष 'टी ६३.२'. ही आवृत्ती वापरणाऱ्या कुठल्याही दवाखान्यात विंचवाचा रुग्ण आला की त्याची नोंद याच अंकाखाली होते.

या यादीची सुरुवात डॉक्टरने केलेली नाही. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत, कारणांसकट. कारणं तरी कशी? 'दात', 'अचानक', 'घाबरून'! जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने हे जुने कागद गोळा करून मोजायला घेतले आणि १६६२ साली पुस्तक छापलं. माणसं वेगवेगळ्या कारणांनी मरतात, पण मोजली की त्यात एक नियमितपणा दिसतो, हे त्याला दिसलं. १८९३ मध्ये फ्रान्सच्या झाक बर्तियों याने शिकागोच्या सभेत मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिचे तीन आकार होते: ४४, ९९ आणि १६१ कारणांचे. आजचं वर्गीकरण तिचंच वाढलेलं रूप.

अमेरिकेने ते इतकं वाढवलं की तिथल्या आवृत्तीत सत्तर हजारांच्या आसपास अंक आहेत. पुण्यातल्या कंपन्यांत बसून आपली मुलं अमेरिकी दवाखान्यांच्या केसना हेच अंक लावतात. नातेपुत्याच्या माळशिरस तालुक्यातून गेलेल्या मुलाला त्यातला एक लगेच ओळखीचा वाटेल: 'डब्ल्यू ५५.२२', गाईचा मार बसणे. बैलाने मारलं तरी तेच, बैलाला वेगळा अंक नाही. पुढे सातव्या जागी अक्षर येतं: उपचार चालू असताना 'ए', बरं होत असताना 'डी', मागे राहिलेल्या त्रासासाठी 'एस'. एका अंकात प्राणी, घाव आणि बरं होण्याचा टप्पा!

दवाखान्याच्या विम्याचा जन्मही बिलांच्या वहीतूनच झाला म्हणायला हरकत नाही, निदान अमेरिकेपुरता तरी. १९२९ साली डॅलसच्या बेलर दवाखान्यात जस्टिन किंबल हा माजी शिक्षणाधिकारी थकलेली बिलं पाहत होता. त्यातली कितीतरी नावं शिक्षकांची निघाली. त्याने शिक्षकांपुढे प्रस्ताव ठेवला: महिना पन्नास सेंट भरा, वर्षात एकवीस दिवस दवाखान्यात फुकट राहा. त्या योजनेतून पुढे ब्लू क्रॉस उभी राहिली. थकबाकीच्या वहीत माणसं पाहणारा कुणी मिळाला की असं होतं.

खाजगी मेडिक्लेमचं गणित निराळं, आणि तिथे घरच्यांना खरा धक्का बसतो तो खोलीभाड्यात. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० असेल आणि नातेवाइकांनी ८,००० ची खोली घेतली, तर जास्तीचे ४,००० एवढंच जाईल असं सगळ्यांना वाटतं. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर खोलीनुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. सर्जनची फी, नर्सिंग, थिएटर मिळून ८०,००० झाले तर विमा ४०,००० देतो. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला रॉड यांना ही कपात लागत नाही. आणि ज्या दवाखान्यात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे कपात करताच येत नाही. दाखल होताना काउंटरवरच्या मुलीने हे दोन मिनिटांत सांगितलं, तर घरचे खोली बदलून घेतात आणि चाळीस हजार वाचतात. तसंच, २९ मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती एका तासात निकाली काढायची आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. हा नियम माहीत असलेली मुलगी फोनवर वेगळ्याच ठामपणे बोलते.

शिकण्यासारखं अजून येतंच आहे. आजारांच्या त्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत तिचा एक नवा भाग जाहीर झाला. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्य आजारांना जी नावं देतात, त्यांनाही त्यात आंतरराष्ट्रीय अंक मिळाले. बर्तियोंच्या यादीत आता आपल्या वैद्यांच्या केस पेपरलाही जागा आहे, आणि ते अंक लावणारी माणसं अजून घडायची आहेत.