न पाहिलेल्या गावचे नागरिक

माणसाला ओढ लागते ती ओळखीच्या घराची. माहेर आठवतं, कारण तिथे बालपण गेलेलं असतं. ख्रिस्ती माणूस मात्र स्वर्गाला आपलं खरं घर म्हणतो, आणि तिथून तो आलेला नसतो. जन्माआधी आत्मे वर नांदत होते, हा ओरिजेनच्या नावावर सांगितला जाणारा विचार चर्चने सहाव्या शतकातच अमान्य केला. म्हणजे कधी पाहिलंच नाही, त्या घराची ही ओढ. हे जमतं कसं?

याचं एक उत्तर ग्रीसच्या उत्तरेला, काव्हाला बंदराजवळच्या अवशेषांत सापडतं. हे फिलिप्पै. इसवी सनपूर्व ४२ मध्ये इथेच अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी सीझरच्या मारेकऱ्यांचा, ब्रूटस आणि कॅशियसचा, पाडाव केला. लढाई संपली आणि वेगळीच पंचाईत उभी राहिली: हाताला काम नसलेल्या सैनिकांचं करायचं काय? राजधानीत आणले तर डोक्याला ताप. मग कित्येकांना तिथेच जमिनी दिल्या आणि फिलिप्पै रोमची वसाहत झाली. आजूबाजूला ग्रीक बोलणारा मुलूख, पण या गावातल्या दगडांवर अक्षरं कोरली जात ती लॅटिन. इथल्या जमिनीला इटलीतल्या जमिनीसारखे हक्क होते आणि नागरिकांची नावं व्होल्टिनिया या रोमन गणात नोंदली जात. ज्यांनी रोम जन्मात पाहिलं नाही अशी नातवंडं-पतवंडं स्वतःला बिनदिक्कत रोमन म्हणवत.

सुमारे शंभर वर्षांनी ख्रिस्ताचा प्रेषित पौल इथे आला. गावाने त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, छड्यांनी फोडून काढलं आणि पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. आरोप काय, तर हे लोक रोमनांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतात! दुसऱ्या दिवशी पौलाने शांतपणे सांगितलं की आम्हीही रोमन नागरिकच आहोत. अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली; मनधरणी करायला ते स्वतः आले. नागरिकत्व या एका गोष्टीचं वजन त्या गावात एवढं होतं.

पुढे कैदेत असताना पौलाने याच गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं आणि त्यात सांगितलं की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. ऐकणाऱ्यांच्या मनात तेव्हा काय आलं असेल! पृथ्वी ही धर्मशाळा, गाठोडं बांधा आणि निघा, असा अर्थ आपण पटकन लावतो. पण वसाहतीचा हिशेब नेमका उलटा चालतो. फिलिप्पैचे रोमन काही रोमला परत जायची वाट पाहत बसले नव्हते. रोमची रीत त्यांनी इथे चालवायची, आणि संकट आलं तर सम्राटाची मदत तिथून इकडे यायची. पौलाचं पुढचं वाक्यही तसंच जातं: तारणारा तिथून येईल. तो आपलं दुबळं शरीर टाकून देणार नाही, पालटून टाकणार आहे.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही दिशा हीच आहे. प्रकटीकरणात माणसं नगरीकडे चढून जात नाहीत, नगरीच वरून खाली उतरते. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे जवळजवळ २,२०० किलोमीटर. एवढा प्रचंड घन, आणि त्याच्या बारा वेशी कधी बंदच होत नाहीत!

लोकांच्या मनावर पगडा बसला तो मात्र प्रवासाच्या चित्राचा. त्याचं बरंचसं श्रेय जॉन बनियनला. भांडी दुरुस्त करणारा हा इंग्रज परवान्याशिवाय प्रवचनं केल्याबद्दल बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता. १६७८ मध्ये त्याचं यात्रेकरूचं रूपक प्रसिद्ध झालं. हरि केशवजींनी ते १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ नावाने मराठीत आणलं. त्याचा नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटं घालून धावत सुटतो. चित्र जबरदस्त आहे, पण मला ते थोडं निष्ठुरही वाटतं.

पौलालाही जावंसं वाटत होतंच. फिलिप्पैच्या त्याच पत्रात तो म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं फार बरं, पण तुमच्यासाठी मी राहणं जास्त गरजेचं आहे. आणि स्वर्गातल्या नागरिकत्वाची एवढी मोठी गोष्ट सांगून झाल्यावर, दोन-तीन ओळींतच, तो मंडळीतल्या दोन बायकांकडे वळतो. युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं बिनसलेलं होतं. दोघींना वेगवेगळी विनंती करून तो म्हणतो, एकचित्त व्हा. आणि एका सहकाऱ्याला त्यांच्या मदतीला जायला सांगतो. अशी पत्रं तेव्हा साऱ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचली जात, नावांसकट.