स्पीकर बदलण्याआधी त्यांची जागा बदला

गेल्या उन्हाळ्यात माहेरी, दुर्गला गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट खटकली. एरवी दिवेलागण झाली की बाबा पं. भीमसेन जोशींचे अभंग लावायचे आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, ‘‘अहो, जरा हळू!’’ या वेळी मात्र घर शांत होते. म्युझिक सिस्टिमवर क्रोशाचा रुमाल अंथरलेला होता.

‘‘ऐकावंसंच वाटत नाही गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘नुसतं घुमतं. शब्दच कळत नाहीत. आवाज वाढवला तर तुझी आई रागावते.’’

दादाने उपाय शोधून ठेवला होता : तीस हजारांचे नवे, मोठे स्पीकर. आईला ते मान्य नव्हते. ‘‘असलेलेच वाजत नाहीत, आणखी मोठे घेऊन काय करणार?’’ मला आईचे म्हणणे पटले. आधी असलेल्या स्पीकरचे काय चुकते आहे ते पाहू, असे ठरले.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. १९५९ साली तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली, त्यांतलेच आमचे एक. घरातली बैठकीची खोली दहा बाय बाराची. मोझॅकची फरशी, कोऱ्या भिंती, दोन कोपऱ्यांत दोन लोखंडी कपाटे आणि प्रत्येक कपाटावर एक स्पीकर. मुलांचा हात लागू नये म्हणून कधीतरी वर गेलेले हे स्पीकर मुले मोठी झाली तरी खाली आले नव्हते.

कोपरा का नको?

बहुतेक घरगुती स्पीकरच्या पेटीत दोन तोंडे असतात. मोठा वूफर खर्जातले आवाज काढतो, तर छोटा ट्वीटर वरच्या पट्टीतले. खर्जाच्या लहरी चहूकडे पसरतात. स्पीकर कोपऱ्यात असला की दोन्ही भिंती आणि छत त्या परतवतात. खर्ज फुगतो, तबल्याचा डग्गा ढोलासारखा वाजतो. वरच्या पट्टीतला आवाज मात्र बराचसा सरळ समोर जातो. स्पीकर कपाटावर असेल तर तो आपल्या डोक्यावरून निघून जातो.

शब्द स्पष्ट कळतात ते प्रामुख्याने ‘स’, ‘त’, ‘क’ अशा व्यंजनांमुळे, आणि ती या वरच्या पट्टीतच असतात. वयोमानाने कान मंदावतात तेव्हा सहसा हीच पट्टी आधी जाते. अशा वेळी आवाज वाढवला की खर्जही वाढतो आणि उरलेसुरले शब्द झाकून टाकतो. बाबांचे नेमके हेच होत होते.

समान बाजूंचा त्रिकोण

आम्ही दोन्ही स्पीकर खाली उतरवले. दोन लाकडी स्टुले घेतली, त्यांवर रबराचे तुकडे ठेवले आणि वर स्पीकर. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. मागची भिंत दीड-दोन फूट दूर ठेवली, कोपरे सोडले. दोन स्पीकरमध्ये सहा फूट आणि प्रत्येकापासून बाबांच्या खुर्चीपर्यंतही सहा फूट, असा समान बाजूंचा त्रिकोण साधला. तोंडे किंचित आत, खुर्चीकडे वळवली. सिस्टिमवरची बासची कळ मधोमध आणून ठेवली.

ही मापे म्हणजे सुरुवात. यानंतर ओळखीचे एखादे गाणे लावून स्पीकर चार-चार बोटे पुढे-मागे सरकवून पाहावेत. खुर्चीही भिंतीला अगदी टेकवू नये. तिथेही खर्ज साठतो.

एक तार उलटी

सिस्टिम बंद करून तारा तपासल्या, तर एका स्पीकरची तार उलटी जोडलेली निघाली. लाल टोक लाल जागी आणि काळे काळ्या जागी हवे. एका बाजूला उलटे झाले की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज पोकळ होतो आणि गाणारा नेमका कुठे आहे तेच कळत नाही. पारख सोपी आहे. रेडिओवर बातम्या लावून मध्ये बसा. निवेदकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे.

खोलीही वाजते

खोलीत एक टाळी वाजवा. मागोमाग झणझणाट ऐकू आला तर भिंती आणि फरशी आवाज परतवत आहेत असे समजा. त्यावर महागडा इलाज नको. समोर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदे, भिंतीशी पुस्तकांचे कपाट एवढेही पुरते. लोखंडी कपाटावरचे डबे, फोटोच्या काचा थरथरत असतील तर खाली कापडाची घडी घाला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे अशक्य. पण गाणे ऐकताना तो कमी वेगावर ठेवावा आणि त्याची ओलसर हवा स्पीकरच्या कागदी पडद्यावर येऊ देऊ नये.

खोलीचे हे महत्त्व भल्याभल्यांना उशिरा उमगले आहे. बंगाली वडिलांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस यांनी १९५६ च्या सुमारास स्वतःसाठी स्टिरिओ घेतला. कागदावर त्याचे आकडे उत्तम होते, आवाजाने मात्र निराशा केली. त्यातून सुरू झालेल्या संशोधनात, सभागृहात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचा वाटा किती मोठा असतो यावर त्यांनी भर दिला. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

नवे घ्यायचेच असतील तर

एवढे करूनही आवाज फाटत असेल तर वूफरच्या कडेची फोमची पट्टी पाहा. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने ती भुगा होते. चांगला कारागीर तेवढी पट्टी बदलून देऊ शकतो; पेटी भंगारात देण्याची गरज नसते.

नवे घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा आकडा सोडून ‘आरएमएस’चा पाहा. स्पीकर किती ओहमचे आहेत ते अॅम्प्लिफायरला चालणारे आहे ना, तेही विचारा. कमी ओहमच्या स्पीकरने अॅम्प्लिफायर तापू शकतो. आणि दुकानात आपल्या ओळखीचेच गाणे लावायला सांगा.

आमच्याकडे त्या संध्याकाळी पुन्हा अभंग लागले. आवाजाची कळ पूर्वीच्या निम्म्यावर होती. बाबा बराच वेळ डोळे मिटून बसले, मग म्हणाले, ‘‘आता कळतंय काय म्हणतोय ते.’’ आई पदराला हात पुसत बाहेर आली. झाडताना स्टुले सरकवावी लागतील अशी तिची तक्रार आहेच. म्हणून दादाने फरशीवर खडूने खुणा करून दिल्या.

पुढच्या आठवड्यात बाबांना कानाच्या डॉक्टरांकडेही नेले. ते काम खरे तर आधीच व्हायला हवे होते. घरातले वडीलधारे आवाज वाढवू लागले, किंवा गाणे ऐकणेच सोडू लागले, तर चिडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : स्पीकरची जागा आणि त्यांचे कान.